आधी गळ्याखाली

नेरूळ, औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला.
पाटी नाही, दाराशी चपलांचा कप्पा तेवढा.
डेंटिस्ट म्हणाला होता, रात्री तुम्ही दात खाता,
दाढेचा टवका गेलाय,
आणि दुखतोय तो कान नाही, जबडा.
गोळी लिहिली नाही. चिठ्ठीवर लिहिलं,
दमयंती तांडेल, आणि फोन नंबर.

तिच्या वहीत नाव, वय, काम असे रकाने होते.
कामाच्या रकान्यात मी लिहिलं : ऑफिस.

तिनं आधी माझा चेहरा नुसता पाहिला
बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून पाहावेत तसा,
भीड न ठेवता.
डोळ्याखाली बोट टेकवलं, उचललं.
खळगा थोडा वेळ तसाच राहिला.
"झोप नाय," म्हणाली. विचारलं नाही.

मला वाटलं होतं, गालांपासून धरेल.
तिनं धरलं गळ्याच्या हाडाशी,
जिथं मला काहीच होत नव्हतं.
जोर नाही, कातडीला नुसती ओढ,
पिठावरची माशी उडवावी इतकीच.
"आधी गल्याखाली वाट मोकली करायची, बाय.
खालचं दार बंद असंल
तं वरचं पानी ढकलून काय उपेग?"

बावीस वर्षं मी हेच वाक्य
फायलींत लिहीत आले आहे :
निर्गम मार्ग प्रथम सुस्थितीत असणे आवश्यक.
महापालिका, अभियांत्रिकी, धारण तलाव.
ओहोटी लागली की गेटं उघडायची,
शहराचं पाणी खाडीला द्यायचं,
भरतीला मिटायची.
भरती-ओहोटीचं कोष्टक माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे.
गेटांवर गंज आहे.

मग कानामागे, मग हनुवटीपासून वर,
तिळाच्या तेलाचे दोनच थेंब.
तिच्या अंगठ्यावर कोयतीचा जुना व्रण.
आधी सुरमई कापायची, मग एका दवाखान्यात आया,
मग वाशीला सहा महिन्यांचा कोर्स,
सर्टिफिकेट एकवीरेच्या फोटोखाली.
तो व्रण माझ्या गालावरून फिरायचा
आणि मला कळायचं, हा उजवा हात.

दाढांच्या वर, गालाच्या आत कुठेतरी, ती थांबली.
"इथं धोंडा हाय."
होता. मला ठाऊक होता.
होय साहेब. बघते साहेब.
'गाळ काढला' या दोन शब्दांखाली केलेली सही,
गाळ काठाकाठानंच काढलेला असताना.
तिनं त्यावर अंगठा ठेवला आणि वाट पाहिली.
हळूहळू तो सुटायला लागला, गूळ सुटतो तसा.
डोळ्यांतून पाणी आलं, रडण्याचं नव्हे,
आपोआप, कानाकडे.

मग ती बोलायला लागली, हातांना सोबत म्हणून बोलतात तसं.
"आमचे आलीन दोन-दोन दिस पानी उतरत नाय.
ओटी लागली तरी नाय.
पोरीची पुस्तकं माल्यावर ठेवलीत.
कोन गेट उघडतं, कोन नाय, देव जाने."

अंगठा थबकला.
"यो काय झाला? आताच सुटला व्हता."
काही नाही, मी म्हटलं,
दात न उघडता.

ती चिडली नाही.
पुन्हा गळ्याखाली गेली, पहिल्यापासून सुरू केलं.
त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत.

आरशात मला माझी गालफडं दिसली, बऱ्याच दिवसांनी.
डोळे मोठे झालेले. सूज उतरली होती.
चेहराही उतरला होता, पण ते वेगळं.
तिनं टॉवेल दिला, वही उघडली.
"फुडल्या बुधवारी या. चारला."
चारला नको, मी म्हटलं,
चारला ओहोटी आहे.

तिनं पेन खाली ठेवलं.
बोटांच्या पेरांवर तिथी मोजली,
एकादस, बारस, तेरस.
"बरोबर हाय," म्हणाली,
आणि माझ्याकडे पाहत राहिली,
कल्ले उघडून पाहावेत तसं.