किती एकर?

मुलामा उडावा तशी पानं झाली.
आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके,
मग सगळाच पाम पितळी.
चारुता म्हणाली, मामंजी, तुम्ही पाणी जास्त घालता.
मी गप्प.
आठ दिवस घातलंच नव्हतं.

पेटीच्या तळाशी भिंग होतं,
डोळ्याच्या खोबणीत बसणारं, काळं,
चाळीस वर्षं गुजरीत डागातले डाग शोधलेलं.
दुकान दिल्यापासून त्यातून काही पाहिलं नव्हतं.

पान उलटं केलं.
मागच्या अंगाला अख्खी पेठ भरलेली.
रंग गुंजेचा,
पण एका गुंजेचे किती तुकडे केले म्हणजे
त्यातला एक होईल,
आमच्या तराजूला सांगता आलं नसतं.
आणि देठाच्या काखेत तार ओढलेली,
जंत्रीच्या शेवटच्या भोकातूनही न निघणारी.
मी "वा" म्हणालो.
सून मागंच उभी होती.

गुलाबी कागदावर पान झटकलं, काही दिसेना.
दागिने बांधायचा कागद तो, लाल त्यात हरवतं.
मग वहीचं कोरं पान. टिचकी मारली.
ठिपके पडले
आणि ठिपके चालायला लागले.

लक्ष्मीपुरीत चौगुल्यांच्या दुकानी गेलो.
उन्हात गंधकाचा वास बाहेरपर्यंत.
"लाल कोळी," मी म्हणालो.
"वांगी का ऊस?"
"पाम."
"किती एकर?"
"एक कुंडी."
शिरोळकडचा एक गिऱ्हाईक हसला,
वाईट नाही, खोकल्यासारखं.
चौगुल्यांनी बाटली परत फळीवर ठेवली.
"ह्यातलं टोपणभर अख्ख्या पंपाला हुतंय, काका.
घरात पोरंबाळं असतील, कशाला फवारताय?
धुवा. मागनं धुवा.
चार दिसानं परत. अंडी ऱ्हात्यात."

रिठे माझ्याकडं होतेच.
बाकीच्या कुंड्या लांब जिन्यात नेल्या,
पाम न्हाणीत.
पाटल्या धुवायचा मऊ ब्रश, कोमट फेस,
एकेक पाती तळहातावर घेऊन
वरून एकदा, खालून तीनदा.
हात थरथरतो म्हणून दुकान दिलं होतं.
पानाला थरथर चालते.

संपल्यावर पाहतो तर
धुण्याचं पाणी मी बादलीत धरून ठेवलेलं.
सोनं धुतलेलं कधी सांडायचं नसतं,
गाळ निवळू द्यायचा.
चारुता बादलीकडं बघत होती, मग माझ्याकडं.
मी गटारीपर्यंत गेलो.
इथंच झारेकरी पहाटे घमेली घेऊन बसायचे,
आमच्या दुकानांची धूळ चाळत.
ओतलं.

पाचव्या दिवशी भिंग लावलं.
सहा दिसले.
रिठे भिजत घातलेत.