अठ्ठेचाळीस पानी

कंपालाहून येताना मोटारसायकलवाल्याला
नुसतं "वर, लुसोंबाला" म्हणा.
तो मागे न वळता विचारेल,
शिकायला की दुखायला?

टेकडीवर दोन घंटा आहेत.
शाळेची म्हणजे ट्रकच्या चाकाची रिंग,
फणसाला टांगलेली, स्पॅनरने बडवतात.
दुसरी इस्पितळाच्या फाटकावर.
ती रात्री वाजली की मी कूस बदलत नाही,
उठून कंदील लावते.

मधल्या वळणावर माझं दुकान. नालोंगो स्टोअर्स.
जुळ्यांच्या आईला इथे नालोंगो म्हणतात.
एक मुलगा दुबईत, कुणाच्या तरी दारावर पहारा देतो.
दुसऱ्याबद्दल मी गिऱ्हाइकांशी बोलत नाही.

सत्र सुरू झालं की आईबाप यादी घेऊन येतात:
खराटे दोन, कागदाचं रीम, टॉयलेट रोल सहा,
साबण, ब्लेड,
अठ्ठेचाळीस पानी वह्या, डझनभर.
इस्पितळाची यादी चिठोऱ्यावर, घाईत:
हातमोजे दोन जोड, कापूस, खाली अंथरायला प्लास्टिक,
साबण, ब्लेड,
अठ्ठेचाळीस पानी वही, एक.
डॉक्टर त्यातच लिहितात.
आपलं दुखणं आपणच विकत आणायचं, कोरं.

ब्लेड तेच. त्याने पेन्सिलीला टोक येतं,
त्यानेच नाळ कापतात.
कशाला हवंय, मी विचारत नाही.
पायांकडे बघते.
शाळेसाठी येणारे चपला घालून येतात.

कचराकुंडीवर मराबू पक्षी उभे असतात,
टकले, पाठीमागे हात बांधल्यासारखे,
निकालाची वाट बघणाऱ्या वकिलांसारखे.
कुंपणाच्या मेंदीवर हिरवे गणवेश वाळतात
आणि वॉर्डातल्या चादरी, शेजारी शेजारी.
वारा आला की दोन्ही सारखेच फुगतात.

दुकानात पाटी आहे: वॉर्डाला उधार नाही.
ती मी रागाने लिहिलेली नाही.
मेलेल्या माणसाचं नाव खोडताना
पेन जड होतं, म्हणून.

नाबुकीरा फेब्रुवारीत आली, रात्री.
मोटारसायकलवर बाप पुढे, आई मधे,
ही मागून आईला धरून, दोन्ही हातांनी.
बाप पैसे मोजत होता तेव्हा हिने वही निवडली,
जिराफाचं चित्र असलेली.
आईला आवडेल, म्हणाली.
बापाने ओठ आवळले आणि जिराफाचेच पैसे दिले.

पाच आठवड्यांनी ती एकटी आली.
वही हवी, म्हणाली.
म्हटलं, संपली? एवढ्यात?
तिने उघडून दाखवली.
पुढून डॉक्टरांचं: ताप, रक्त, पुन्हा ताप,
मग एक शब्द, खाली दोन रेघा मारलेला.
मागून हिचं: भागाकार, नदीचं चित्र, सातचा पाढा.
शाळेने वही मागितली होती,
बापाकडे एवढीच होती.
रोज सुटल्यावर आईच्या उशाशी बसून
ही उलट्या बाजूने लिहीत आलेली.

"आईची बाजू माझ्यापर्यंत आली," ती म्हणाली.
"मी बारीक अक्षर काढत होते,
तरी आली."

मला काही सुचेना. मी पाढा तपासू लागले.
सात आठे चोपन्न लिहिलं होतं.
म्हटलं, हे छप्पन्न गं.
ती काउंटरवर टाचा उंचावून खोडू लागली.

मी शहाण्णव पानी काढली.
जिराफ नव्हता, बसचं चित्र होतं. तिला चाललं.
पैसे?
खालच्या खणातून उधारीची वही घेतली
आणि पाटीकडे पाठ करून
नाव लिहिलं,
बापाचं नाही, आईचं.
खाली तारीख, समोर रक्कम,
आणि फेडल्याच्या रकान्यात, सवयीने,
जागा सोडली.

तेवढ्यात घंटा झाली.
रिंगच ती, स्पॅनरचा आवाज मी झोपेतही ओळखते.
तिलाही ओळखू येत असणार.
तरी ती दारात थांबली,
मान तिरकी करून नीट ऐकलं,
आणि मगच पळाली.