बोडीच्या तोंडाशी

झिंगे त्या सकाळी काठावर चढले होते,
पाणी सोडून, चिखलात,
जळत्या घरातली माणसं अंगणात येतात तसे.
कटरंग, दाढक पोट वर करून.
एक मरळ तेवढी
तोंड बाहेर काढून श्वास मोजत होती.

मी जाळं खांद्यावरून उतरवलंच नाही.
पाटाच्या कडेनं उलटी चालत गेले
बांधीमागे बांधी,
पाणी आलं कुठून ते बघत.
पटल्यांच्या चौथ्या बांधीला, फुटक्या धुऱ्याशी,
दगडावर पंप धुतल्याचा पांढरा ओघळ,
बाजूला एक निळं झाकण
आणि चिखलात पाऊल,
करंगळी नसलेलं.

ते पाऊल मी वीस वर्षं ओळखते.
माझ्याच सारवलेल्या ओसरीवर उमटतं ते.

देवाजी जेवत होता.
म्हणाला, "मालकानं तीनशे देल्ले,
पंप धुवून ठेव म्हनलं.
पानी काय, वाहूनच जाते ना."
"जाते," मी म्हटलं. "पन जाते कुठी?"
त्यानं हातातला घास खाली ठेवला.
ताटात कालचाच मासा होता.

सोसायटीच्या बैठकीत मी उभी राहिले तर
कोणीतरी मागून बोललं,
बाईनं आधी आपलं घर पाहावं.
झोंबलं. खरंही होतं.

आता पंपाचं धुवण तो पाटात सोडत नाही,
त्याच बांधीत, त्याच धानावर मारतो.
ढग दिसला की फवारणीला नाही म्हणतो,
मग त्या दिवसाचे तीनशे बुडतात.
फुटका धुरा दोघांनी लिंपला,
पाटाच्या तोंडाशी चार हात पट्टी सोडून वाळा लावला.
पटले कुरकुरले, "चार हात म्हंजे दोन पायल्या धान गेलं."
"पायल्या मी भरून देतो," मी म्हटलं,
"मासोळीनं. आली तर."

शेजारगावच्या तलावातून
देवधानाचे गड्डे डोक्यावर आणले आम्ही सात जणींनी,
मानेवरून गार पाणी ओघळत होतं.
निम्मे सडले.

बोडी अजून बरी नाही.
रात्री जोराचा पाऊस झाला की
आम्ही टॉर्च घेऊन काठावर जातो,
ओंजळ नाकाशी धरतो.
गढूळ असलं तर हायसं वाटतं, माती आहे नुसती.
नितळ दिसलं, आणि आत काहीच हललं नाही,
तर तो माझ्याकडे बघत नाही.

काल लव्हाळ्यात काहीतरी आपटलं.
मी म्हटलं बेडूक.
तो म्हणतो, मरळ.