चावी बंद असताना

डिसेंबर सरत आलेला. मखमलाबाद नाक्यावर
मी शटर अर्धं वर केलं तोच
वैजयंता गांगुर्डे गाडी ढकलत आली.
मफलर, दोन स्वेटर, मागे पट्ट्याने बांधलेली निळी थंडपेटी,
पेटीत सात घरचं उपाशीपोटी रक्त.
“आठव्या घरी नाहीच म्हणाली. किक मारून पाय गेला.
काका, रात्री बरी असते, सकाळी मरते.”

सकाळी मरते म्हणजे
रात्री कुणीतरी पितंय.

हँडलवर गरम ग्रिपा होत्या. मी बघतोय हे बघून तिनेच सांगितलं:
“गंगेवरून पूल ओलांडला की बोटं माझी राहत नाहीत.
गार हात लागला की म्हाताऱ्यांची शीर आत पळते.
लहान पोरं तर सुईच्या आधीच रडतात.”

ग्रिपा चांगल्या. बसवणारा चांगला नव्हता.
थेट बॅटरीवरून ओढलेली लाल वायर,
फ्यूज नाही, रिले नाही, नुसती चिकटपट्टी,
आणि हँडलच्या मानेपाशी घासून
नखाएवढं तांबं उघडं.
एखाद्या वळणावर टाकीखाली ठिणगी पडली असती.
हे ऐकल्यावर तिने टाकीवरचा हात उचलला.

चावी बंद केली. मायनसची तार सोडून
मध्ये मीटर घातला.
तीनशे चाळीस मिलीअँपिअर.
पाच अँपिअरची बॅटरी, थंडीची लांब रात्र,
उरणार काय?
ग्रिपांची वायर सोडली. आकडा घसरला,
अडतीसवर येऊन बसला.
घड्याळ दोन खातं. बाकी छत्तीस कोण?

फ्यूज एकेक उपसले. आकडा हलेना.
सीट काढली. पान्यांच्या पिशवीमागे
काड्यापेटीएवढं काळं खोकं,
आत हिरवा ठिपका, लुकलुक, थांब, लुकलुक.
“चोरीसाठी लावतात,” मी म्हटलं,
“गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं.”
“मी नाही लावलं.”

म्हसरूळची बस गेली.
चहावाल्याने दोन ग्लास ठेवले, तिचा तसाच निवला.
मी वायरीला प्रश्न विचारतो, माणसांना नाही.

“काढा. फेकू नका, मला द्या.
रात्री वाढताना त्याच्या ताटात ठेवते,
चटणीच्या जागी.”

मग माझं काम.
बॅटरीपासून चार बोटांवर पाचचा फ्यूज:
जळायची वेळ आलीच, तर बाबा, आधी तू.
रिलेला हुकूम मागच्या दिव्याच्या वायरीवरून,
म्हणजे चावी फिरेल तेव्हाच हात तापतील,
ती विसरली तरी गाडी विसरणार नाही.
वायरीवर नळी चढवली, मानेपाशी सैल वळसा दिला,
हँडल या टोकाचं त्या टोकाला फिरवून पाहिलं, चारदा.
“आणि सिग्नलला ग्रिपा बंद कर गं.
उभी गाडी कमावत नाही, साठवणीतलं खाते.”
“माहितीये,” ती म्हणाली. कशाबद्दल, कोण जाणे.

पुन्हा मीटर. दोन.
फक्त घड्याळ.

पैसे मोजताना तिने माझ्या बोटांकडे पाहिलं,
पान्याने सोललेलं, महिनाभर न भरलेलं.
“शुगर कधी तपासली?”
मी शटरचं कुलूप शोधायला लागलो.

सोमवारी साडेसहाला आलीच. चहा न पिता बसा म्हणून
आदल्या रात्री दोनदा फोन.
स्टुलावर माझी बाही वर केली,
कोपराच्या खळगीत दोन बोटं टेकवली.
धुकं इतकं की समोरचा पेट्रोल पंप नव्हताच,
आणि तिची बोटं गरम, भाकरी नुकतीच उतरावी तशी.

“जेवला नाही तो,” ती शीर शोधता शोधता म्हणाली.
एवढंच. पुढे ना तिने सांगितलं, ना मी.

“मूठ आवळा.
अजून.
हं, आता सोडा.”