हातोडा

व्हालेच्या त्या गावात पाणी कड्याला धरून येतं,
लाकडी पन्हळीतून, हिमनदीपासून सहा मैल.
शेवटच्या वळणावर एक चाक,
चाकाला हातोडा, खाली फळी.
पाणी वाहतंय तोवर ठक्. ठक्. ठक्.
थांबलं, की सगळं गाव जागं.

कुणाची पाळी किती वेळ, ते
दांडक्यावर खाचा पाडून ठेवलेलं.
खाच हीच सही,
दांडकं हाच सातबारा.

मी लोझानहून गेले तेव्हा माझ्याकडे
एक निळा, स्वच्छ पडदा होता
आणि चौदा घरांच्या मुलाखती.
पाटकरी फिर्मँ बोलता बोलता थांबायचा,
मान तिरकी करून काहीतरी ऐकायचा,
मग वाक्य जिथं ठेवलं होतं तिथूनच उचलायचा.
मी वहीत लिहिलं: लक्ष विचलित होतं.

ज्याचं पाणी त्यालाच निरोप.
इतरांची झोप कशाला मोडा?
सभेत टाळ्या पडल्या.
हातोडा गायींच्या घंटांशेजारी
खिळ्याला टांगला, शोभेला.

जुलै. वरून एक धोंडा सुटला, पन्हळ फुटली.
निरोप गेला. वेळेवर गेला, मी नंतर नोंद पाहिली:
दोन वाजून अकरा मिनिटं.
पाळी लेओंसची होती.
लेओंस सियोंच्या इस्पितळात, खुबा मोडून,
आणि त्याचा फोन घरी, टेबलाच्या खणात,
एका पायमोज्यावर
थरथरत.
सकाळी जर्दाळूच्या तीन बागांत गुडघाभर चिखल.
तेरा घरं गाढ झोपली होती.
मीच झोपवली होती.

कुणी रागावलं नाही, तेच जड गेलं.
सेराफीनने सूप वाढलं, वर चीज किसलं,
म्हणाली, "पाळी पूर्वीही ज्याची त्याचीच होती गं.
आवाज तेवढा सगळ्यांचा होता."

तो हिवाळा मी खोडण्यात घालवला.
नावं खोडली. लाल ठिपके खोडले.
कोण किती वेळा धावून गेलं त्याची यादी
मला फार आवडली होती. फिर्मँ म्हणाला,
"हे मोजलंस, तर उद्यापासून
माणसं मोजूनच धावतील."
ती खोडताना हात रेंगाळला, खोटं कशाला सांगू.

उरलं ते इतकंच:
हातोडा परत चाकावर,
शेजारी लोकरीत गुंडाळलेला एक मायक्रोफोन.
बटण दाबलं की ऐकू येतं.
बाकी काही नाही.

पहिल्या आठवड्यात ऐकणारे पाच.
एक रॉटरडॅममध्ये: सेराफीनचा ओरेल,
बंदरात क्रेन चालवणारा,
बांधावरून भांडून गेलेला, अकरा वर्षं अबोला.
उशाशी लावून झोपायचा म्हणे.
हे आम्हाला माहीत नव्हतं. कळायची सोयच
मी ठेवली नव्हती.

सप्टेंबरात गावात लग्न होतं, बँड इतका मोठा
की स्वतःचं हसू स्वतःला ऐकू येईना.
सेराफीनचा फोन वाजला.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य:
"आई, ठक् थांबलंय."

सगळं वऱ्हाड कंदील घेऊन कड्याकडे,
नवरी बूट हातात धरून.
पानांचा बोळा अडकला होता फक्त.
फिर्मँने हात घातला, पाणी सुटलं,
आणि तिकडे रॉटरडॅममध्ये
कुणीतरी काही न बोलता
फोन ठेवला नाही.

बांधाचं भांडण अजून मिटलेलं नाही.
पंचांनी परवाच विचारलं, गप्पांचीही सोय कराल का?
मी म्हटलं, बघू.

हल्ली सभेत बोलता बोलता मी थांबते,
मान तिरकी होते.
समोरची नवी मुलगी
वहीत काहीतरी लिहून घेते.