दुरुस्तीच्या चिठ्ठ्या

निर्लेखनाच्या यादीत हा ग्रंथ तेहतिसावा.
शेरा : वाळवी नाही, पण मिटत नाही.
शेरा माझाच.

कसा मिटेल?
उरकुडाजी मेंढे, दफ्तरी,
सिव्हिल लाइन्सच्या या लायब्ररीत एकोणतीस वर्षं
दिल्लीहून आलेली प्रत्येक दुरुस्ती कापून
ज्या त्या कलमावर चिकटवत राहिले.
खळ घरची, कणकेची. त्यात चिमूटभर मोरचूद,
म्हणून कडा अजून निळसर.
इंग्रजी येत नव्हतं. आकडे येत होते,
आणि ओळ सरळ लागली की नाही, ते.

छप्पन सालची चिठ्ठी पहिल्या अनुसूचीत.
तिच्याखाली आमची राजधानी आहे.
बाहेर हायकोर्टाच्या पाटीवर रंगारी चढलेला,
खंडपीठ लिहायला.
वकील चहा निववून भांडत होते म्हणे.
कुणीतरी विचारलं, "उरकुडाजी, तुमच्या हातानं?"
"मंग कोनाच्या? वाकडी लागली
तं उद्या वाचनाऱ्याले काय दिसन?"

बायको सौंसरची.
संध्याकाळी तिला सांगितलं,
तुहं माहेर आता दुसऱ्या राज्यात गेलं.
ती भाकर उलथत म्हणाली,
"इतवारीची छोटी लाइन तं तेच हाय ना?"

आणीबाणीत चिठ्ठ्या गठ्ठ्यानं आल्या.
खळ पुरेना.
दोन वर्षांनी त्यांच्यावरच दुसऱ्या.
तिथं पान पुठ्ठ्यासारखं झालंय,
उलटताना आवाज करतं.

आणि उद्देशिकेत, एकतेच्या पुढे
एकात्मता वाढवणारी नखाएवढी पट्टी.
तोही शब्द कणकेनंच धरलेला.
मी नखानं कड उचलून पाहिली.
उचलली नाही.

आज हिवाळी अधिवेशन.
मोर्चा बांबूंपाशी अडवलेला, वेगळ्या राज्याचा.
त्यातला एक पोरगा पाणी प्यायला आत आला,
गळ्यात उपरणं, आवाज बसलेला.
"मॅडम, राज्य नवं कराचं कोन्तं कलम हाय जी?"
तीन, म्हटलं. ग्रंथ समोर सरकवला.
त्यानं उभ्यानंच वाचलं, ओळीखाली बोट धरून;
चिठ्ठी आली तेव्हा बोट अडखळलं नाही.
मग दोन्ही हातांनी दाबून
त्यानं तो मिटायचा प्रयत्न केला.

तो परत घोषणांत गेला.
मी यादीवर सही केली.
बत्तीसनंतर एकदम चौतीस.