पेव उघडताना

हरिपूरच्या रानात माझा बाप, आदगोंडा,
हळदीची पेवं उघडायचा.
मी आठ-नऊ वर्षांचा, बांधावर बसून बघायचो.
माती सारली, दगड हलवला, पाला ओढला
तरी लगेच कुणी खाली उतरायचं नाही.
तास, दोन तास. तोंड उघडं ठेवून नुसतं बसायचं.
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला तर वर घ्यायचा. परत बसायचं.
‘आत काय असतंय, आप्पा?’
‘हळदच. पण कोंडलेली.’

एवढं सगळं मला ठाऊक होतं.
तरी चैत्रातल्या त्या रात्री
सन्मतीच्या शर्टाची बाही वर सरकली
आणि मी कंदीलबिंदील न सोडता
थेट उडी मारली.

‘काय कमी केलं रं तुला?’
मी मार्केट यार्डातला तोलार.
मोबाईल, क्लास, सायकल,
एकेक काट्यावर चढवत गेलो.
त्यानं बाही खाली ओढली.
बटण लावलं.

पाणी गाळून पिणारं आमचं घर.
दिवे लागायच्या आत जेवण उरकतं,
मुंगीची वाट दिसली तर त्याची आई
झाडू उचलून उभी राहते.
तिनं एकच विचारलं, भिंतीकडं बघत,
‘सगळ्या जीवांवर दया करा म्हणून शिकवलं.
त्यात तू मोजायचा राहिलास का, बाळा?’

विश्रामबागेतल्या डॉक्टर बाईंसमोर
पहिले तीन आठवडे तो पंख्याकडं बघत बसला.
मी बाहेर बाकावर, दारातल्या चपला मोजत.
चौथ्या आठवड्यात, परतताना, स्कूटरवर मागं बसून
(माझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल)
बोलला.

‘मरायचं नव्हतं, आप्पा. आधी ते सांगतो.
आत सगळं एकदम बोलायला लागतं.
निकाल, वर्गातलं हसणं, तुमचं गप्प बसणं,
आणि आणखी एक, ते नंतर सांगीन.
कुठलं कुठलं तेच कळत नाही.
मग वाटतं, निदान एका जागी दुखावं,
बोट ठेवता येईल अशा.
कधी उलटंच. काहीच वाटत नाही,
आपण हाय का न्हाई, तेवढं बघायचं असतं.
राग दुसऱ्यावर काढायची तर हिंमत नाही माझ्यात.
थोडा वेळ शांत होतं. थोडाच.
मग लाज येते.
ती पण आतच ठेवायची.’

मी गाडी थांबवली नाही.
थांबलो असतो तर तोही थांबला असता.
चिंचांच्या रस्त्यानं, दुसऱ्या गिअरवर,
उगाच लांबची वाट घेतली.

महापूर ओसरला, बापाच्या हातची शेवटची पेवं
पाण्यानं भरलेली.
कुजकी हळद उपसून आलो त्या संध्याकाळी
गोठ्यामागं जाऊन
मी भिंतीवर मूठ आपटली होती.
एकदाच नाही.
बायकोला म्हटलं, पोतं पडलं.
तिनं हळद लावली.
त्याला कुणी नाव दिलं नाही,
बाप्याचा राग म्हणून सोडून दिलं.

हे सांगितलं दारात उतरल्यावर.
तो म्हणाला, ‘कुठला हात?’
उजेडात धरून बघितला त्यानं,
वाकडं राहिलेलं करंगळीचं हाड.
इतक्या वर्षांत इतका वेळ
त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. मीही.

सगळं मिटलंय असं नाही.
परवा रात्री दोनला दार वाजलं.
‘झोपलाय काय, आप्पा?’
‘न्हाई,’ म्हटलं. झोपलो होतो.
‘आत्ता परत तसं वाटायलंय.’
का, कशानं, मी विचारलं नाही.
पायरीवर बसलो दोघं.
तास. दोन तास.
नदीकडनं वारं येत होतं.
सकाळी बाईंना फोन करूया, तोच म्हणाला.
आई उठली. रात्रीचं खायचं नाही, म्हणून
नुसतं पाणी घेऊन आली. गाळलेलं.

ते ‘आणखी एक’
अजून त्यानं सांगितलेलं नाही.